अल्फा स्कॅटरिंग संच: चेंबर उत्तम, डिटेक्टर बदलून मागा, मॅन्युअलचं शेवटचं प्रकरण बाजूला ठेवा

एम.एस्सी.च्या न्यूक्लियर फिजिक्स प्रयोगशाळेसाठी तयार मिळणाऱ्या अल्फा स्कॅटरिंग संचाचं, म्हणजे अल्फा कण पातळ फॉइलवर सोडून ते किती वळतात आणि किती ऊर्जा गमावतात ते मोजणाऱ्या उपकरणाचं, हे परीक्षण आहे. संच कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, दोन्ही ऋतूंत चालवून पाहिला आहे. उत्पादकाचं नाव दिलेलं नाही, कारण इथे जे तपासायला सांगितलं आहे ते अशा कोणत्याही संचाला लागू पडतं. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज या पट्ट्यातल्या ज्या विभागांना असा संच घ्यायचा आहे, त्यांनी ऑर्डर देण्याआधी हे वाचावं. ऑर्डर गेल्यावर यातलं निम्मं दुरुस्त करता येत नाही.

आधी संचात काय येतं ते. आतला व्यास २५० मिमी आणि उंची १५० मिमी असलेलं ॲल्युमिनियमचं गोल चेंबर, म्हणजे घनफळ सात लिटरच्या थोडं वर. मिनिटाला १०० लिटर हवा खेचणारा दोन टप्प्यांचा रोटरी पंप. एक पिरानी गेज (फार कमी दाब मोजणारं), एक डायल गेज. १०० चौरस मिमी क्षेत्रफळाचा आणि १०० मायक्रॉन खोलीचा सिलिकॉन डिटेक्टर. प्रीॲम्प्लिफायर, शेपिंग ॲम्प्लिफायर, बायस सप्लाय (डिटेक्टरला लागणारं व्होल्टेज देणारा), १०२४ चॅनलचा एमसीए (पल्स उंचीनुसार वेगवेगळ्या चॅनलमध्ये मोजणारा मल्टिचॅनल ॲनलायझर). सोन्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या चौकटी, कॉलिमेटर, बाहेरून फिरवता येणारा हात आणि व्हर्नियर असलेली अंशांची तबकडी. सोर्स यात येत नाही. अल्फा देणाऱ्या अमेरिशियम-२४१ साठी एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, परवानगी लागते आणि त्याची प्रक्रिया ई-लोरा पोर्टलवरून होते. हे काम संचाच्या ऑर्डरच्या आधी सुरू करा, नाहीतर पेटी उघडून चेंबर मांडून ठेवायचं आणि सोर्सची वाट पाहत बसायचं.

चेंबरबद्दल मनापासून चांगलं लिहावंसं वाटतं. ते ओतीव नाही, भरीव ॲल्युमिनियममधून लेथवर काढलेलं आहे. आपल्या गावाला फाउंड्रीचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे, त्यामुळे असं चेंबर इथेच ओतून घेऊ असा विचार कुणाच्याही मनात येईल. निर्वातासाठी तो सोडून द्यावा. ओतीव ॲल्युमिनियममध्ये बारीक छिद्रांचं जाळं राहतं. पाण्याच्या दाबाला ते टिकेल, पण ०.०१ मिलिबारला त्यातून हवा झिरपत राहते आणि गळती कुठे आहे ते शोधून सापडत नाही, कारण ती एका जागी नसतेच. उद्यमनगरातल्या एखाद्या चांगल्या टर्नरकडून काम करून घ्यायचंच असेल तर रोल केलेला किंवा एक्स्ट्रूड केलेला माल द्या आणि ओ-रिंगच्या खाचेबद्दल दोनच गोष्टी ठासून सांगा. ३.५३ मिमी जाडीच्या ओ-रिंगला खाच २.७ मिमी खोल, म्हणजे रिंग पाव भागाच्या आसपास दबते. आणि खाचेच्या तळाला पॉलिश पेपर आडवा फिरवायचा नाही. टूलच्या गोल रेषा राहिल्या तरी चालतात, त्या ओ-रिंगच्या दिशेनेच जातात. आडवा गेलेला एक ओरखडा मात्र आतून बाहेर सरळ वाट करून देतो.

या संचातली खाच बरोबर आहे. चूक झाकणात आहे. झाकण पारदर्शक ॲक्रिलिकचं आहे, विद्यार्थ्यांना आतली मांडणी दिसावी म्हणून. हेतू चांगला, पण सिलिकॉन डिटेक्टर प्रकाशाला अल्फाइतकाच प्रतिसाद देतो. ट्यूबलाइट चालू असताना बायस दिला की लीकेज करंट भडकतो आणि बेसलाइनवर सेकंदाला शंभर वेळा लहर येते. विद्यार्थी तिला मेनची घरघर समजून अर्थिंग तपासत बसतात. झाकणावर दुहेरी काळं कापड टाका, पंपाच्या पारदर्शक नळीलाही काळी टेप गुंडाळा, लहर जाते. झाकण स्पिरिटने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू नका. ॲक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात, आणि या झाकणावर हवेचा भार कोल्हापुरातसुद्धा पावणेपाचशे किलोच्या आसपास असतो. ओल्या मऊ कापडाने पुसावं. त्याहून चांगलं म्हणजे ऑर्डर देतानाच ॲल्युमिनियमचं झाकण आणि त्यात झडप लावलेली छोटी खिडकी मागावी.

‘कोल्हापुरातसुद्धा’ म्हणण्याला कारण आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब ९४५ मिलिबारच्या आसपास राहतो. संचातल्या डायल गेजवर पूर्ण निर्वाताची खूण ७६० मिमीवर आहे. इथे काटा ७१० च्या पुढे सरकणार नाही. पंप कमजोर आहे म्हणून तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्या. काटा ७१० वर थांबणं हे पंप उत्तम चालल्याचं चिन्ह आहे. हीच गोष्ट हवेतल्या अल्फाच्या पल्ल्यालाही लागू पडते. पुस्तकातला ४ सेंटिमीटरच्या आसपासचा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंश तापमानाचा असतो. इथे दाब कमी, खोलीचं तापमान ३० अंश, दोन्हींमुळे हवा विरळ. पल्ला बारा टक्क्यांच्या आसपास जास्त भरतो. जर्नलमध्ये हा फरक ‘प्रायोगिक चूक’ म्हणून लिहिलेला दिसतो, तसं लिहू देऊ नका. तापमान आणि दाब नोंदवून आकडा दुरुस्त केला की तो पुस्तकाशी जुळतो, आणि जुळताना पाहणं हाच या प्रयोगाचा खरा गाभा आहे.

पंपाचा हिशेब करून पाहू. सात लिटर घनफळ, सेकंदाला १.६७ लिटर वेग, ९४५ वरून ०.०५ मिलिबार: कागदावर पाऊण मिनिटापेक्षा कमी वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात उन्हाळ्यात पाच-सहा मिनिटं आणि जुलैत पंधरा. नळीचा अडथळा आणि भिंतींवर बसलेलं पाणी हे त्याचं कारण. पावसाळ्यात चेंबर विनाकारण उघडं ठेवू नये. उघडावं लागलंच तर काम झाल्याबरोबर बंद करून पंप लावून ठेवावा. पंपाच्या तेलात ओल गेली की ते दुधाळ दिसू लागतं. तसं दिसलं तर गॅस बॅलास्टचा (पंपात थोडी हवा सोडून ओल बाहेर काढणारा) स्क्रू उघडून, चेंबरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून, पंप वीस मिनिटं चालवा. तेवढ्यानेही तेल स्वच्छ झालं नाही तर बदलून टाका. मॅन्युअलमध्ये गॅस बॅलास्टचा उल्लेखसुद्धा नाही. मॅन्युअल बहुधा कोरड्या हवेच्या गावात लिहिलेलं असावं.

आता सगळ्यात गंभीर त्रुटी. पंप आणि चेंबर यांच्यामध्ये फक्त हाताने फिरवायचा बॉल व्हॉल्व्ह आहे. वीज गेली की पंप थांबतो, चेंबरमध्ये निर्वात, पंपात हवेचा दाब. तेल नळीतून उलट चढून चेंबरमध्ये येतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. तेलाचा पातळ थर डिटेक्टरच्या तोंडावर बसला की एमसीएच्या आलेखावरचं अल्फाचं शिखर, म्हणजे पीक, खाली सरकतं आणि पसरतं. तो थर पुसून काढता येत नाही, कारण वरचा थर इतका नाजूक असतो की कापूस फिरवणं म्हणजे डिटेक्टर संपवणं. वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा आणि पंपाच्या बाजूला हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवून मागा. तो संचाच्या यादीत पर्यायी म्हणून आहे, म्हणजे न मागितल्यास मिळत नाही. त्याच्या वर मॉलिक्युलर सीव्हचा ट्रॅप असला तर एरवी हळूहळू चढणारी तेलाची वाफही अडते. पंप हाताने बंद करताना क्रम ठरलेला असावा: आधी व्हॉल्व्ह, मग पंप, मग पंपाच्या तोंडाला हवा. हा क्रम कागदावर लिहून पंपाच्या डोक्यावरच चिकटवा.

किती निर्वात पुरे, हाही प्रश्न नेहमी येतो. ५.५ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, केईव्ही म्हणजे हजार) अल्फा साध्या हवेत सेंटिमीटरला सुमारे ०.९ एमईव्ही गमावतो. १ मिलिबारला १० सेंटिमीटर अंतर म्हणजे ०.१ मिलिमीटर साधी हवा. तोटा ९ केईव्हीच्या आसपास. ०.०५ मिलिबारला अर्ध्या केईव्हीहून कमी. म्हणजे रोटरी पंप पुरतो, डिफ्यूजन किंवा टर्बो पंपाचा खर्च या कामासाठी नको. विक्रेत्याने आग्रह केला तरी नको. तोच पैसा डिटेक्टरवर घाला.

डिटेक्टर. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार व्हायला सुमारे ३.६ ईव्ही लागतात, ५.४८६ एमईव्हीच्या अल्फामागे पंधरा लाख जोड्या, म्हणजे ०.२४ पिकोकूलॉम. प्रीॲम्पचा फीडबॅक कपॅसिटर १ पिकोफॅरॅडचा असेल तर बाहेर पाव व्होल्टची पायरी. ऑसिलोस्कोपवर आधी ही पायरी बघा आणि मगच एमसीए जोडा. पायरी बरोबर असेल तर पुढची गडबड ॲम्प्लिफायरची किंवा सेटिंगची, पायरीच नसेल तर बायस किंवा डिटेक्टर. या एका सवयीने शोधाशोध निम्म्यावर येते.

बायस ५० व्होल्ट, धन ध्रुवता, सावकाश चढवायचा, सेकंदाला दोन-तीन व्होल्ट. चढवताना लीकेज करंटच्या मीटरवर नजर हवी. ध्रुवता उलटी गेली तर डिटेक्टर फॉरवर्ड बायसमध्ये जातो आणि काटा पहिल्याच व्होल्टला टोकाला लागतो. तसं दिसलं तर लगेच शून्यावर आणा. बायस चालू असताना केबल काढू किंवा लावू नका, प्रीॲम्पमधला पहिला एफईटी (ट्रान्झिस्टर) त्या धक्क्याने जातो. आणि तो गेल्याची खूण फसवी असते. पल्स येतात, पण नॉइज इतका वाढलेला असतो की पीकऐवजी टेकडी दिसते.

कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत एक वेगळीच अडचण येते. सिलिकॉनचा लीकेज करंट साधारण दर ८ अंशाला दुप्पट होतो. २५ अंशाला ६० नॅनोॲम्पिअर असेल तर ३५ अंशाला १४० च्या पुढे. या संचात बायस १०० मेगओहमच्या रेझिस्टरमधून जातो. ६० नॅनोॲम्पिअरला त्या रेझिस्टरवर ६ व्होल्ट पडतात, १४० ला १४. सप्लायवर ५० दिसत असतात, डिटेक्टरवर प्रत्यक्षात ३६. दुपारच्या बॅचचं रिझोल्यूशन सकाळच्या बॅचपेक्षा वाईट येतं ते मुख्यतः याच दोन कारणांनी: वाढलेला करंट स्वतःच नॉइज आणतो आणि बायसही पुरा पोचत नाही. मीटरवरचा करंट पाहून तेवढे व्होल्ट सप्लायवर वाढवावेत. त्या खोलीत एसी असेल तर फारच उत्तम.

सोर्समध्ये मोठा सापळा आहे आणि मॅन्युअल त्यात बरोबर ढकलतं. अमेरिशियम-२४१ च्या मुख्य रेषा ५.४८६ एमईव्ही, सुमारे ८५ टक्के, आणि ५.४४३ एमईव्ही, सुमारे १३ टक्के. मॅन्युअल सांगतं, पीक जिथे आलं त्या चॅनलला ५.४८६ म्हणा. शिक्षणासाठी मिळणारे सीलबंद सोर्स मात्र पातळ धातूच्या आवरणाखाली असतात. सोन्यात अल्फा मायक्रॉनला ०.४ एमईव्हीच्या वर गमावतो, म्हणजे दोन मायक्रॉनचं आवरण असेल तर बाहेर पडणारा अल्फा ४.६ एमईव्हीच्या आसपासचा आणि पीकही रुंद. त्याला ५.४८६ म्हटलं की पुढचं प्रत्येक उत्तर सहाव्या भागाने चुकतं. खुला, इलेक्ट्रोडिपॉझिट केलेला सोर्स असेल तर या संचात पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदी ३० ते ३५ केईव्ही येते, आणि ५.४४३ ची रेषा मुख्य पीकच्या डाव्या खांद्यावर ओळखू येते. ४३ केईव्हीचं अंतर म्हणजे या एमसीएवर सातेक चॅनल. तो खांदा दिसला तर समजा इलेक्ट्रॉनिक्स, निर्वात, डिटेक्टर तिन्ही ठीक आहेत. इतकी चांगली एकत्रित चाचणी दुसरी नाही. सीलबंद सोर्सवर तो कधीच दिसणार नाही, त्यासाठी सेवा अभियंत्याला बोलावू नका.

शक्य असेल तर प्लुटोनियम-२३९, अमेरिशियम-२४१ आणि क्युरियम-२४४ असा तिहेरी सोर्स कॅलिब्रेशनसाठी उत्तम: ५.१५७, ५.४८६, ५.८०५ एमईव्ही, तीन बिंदू आणि सरळ रेषा. परवानगी आणि सांभाळ पाहता बहुतेक कॉलेजांना तो परवडणारा नाही. तेव्हा एक खुला अमेरिशियम आणि एक अचूक पल्सर (ठरावीक उंचीच्या पल्स देणारं यंत्र), एवढ्यावर भागवावं. खुल्या सोर्सच्या तोंडाला बोट, चिमटा, कापूस, काहीही लावायचं नाही. वर्षातून ठरलेल्या वेळी चेंबरच्या आतला वाइप टेस्ट करायचा, म्हणजे आतून पुसून त्या पुसण्यावर किरणोत्सर्ग आहे का ते तपासायचं. निर्वातात रिकॉइल झालेले (अल्फा सुटताना मागे फेकले गेलेले) अणू समोरच्या पृष्ठभागावर जाऊन बसू शकतात.

अर्थिंगबद्दल एक युक्ती, जी खरं तर उत्पादकाने सांगायला हवी होती. पंपाची मोटर आणि प्रीॲम्प वेगळ्या सॉकेटवर घेतले तरी धातूची नळी दोघांना जोडतेच. अर्थचं वर्तुळ पूर्ण होतं आणि ५० हर्ट्झ आत शिरतो. पंपाच्या बाजूच्या केएफ-२५ मापाच्या जोडाला धातूऐवजी प्लास्टिकची सेंटरिंग रिंग आणि प्लास्टिकचाच क्लॅम्प लावा. खर्च किरकोळ, फरक स्क्रीनवर लगेच दिसतो. चेंबरला अर्थ एकाच ठिकाणाहून, प्रीॲम्पच्या बाजूने.

आता प्रयोग. ऊर्जाऱ्हासाचा प्रयोग, म्हणजे सोर्स-डिटेक्टर अंतर ४० मिमी ठेवून आत थोडीथोडी हवा सोडत पीक कसं खाली सरकतं ते पाहणं, हा या संचाचा सर्वोत्तम उपयोग आहे. एका प्रात्यक्षिकाच्या वेळात पंधरा-वीस बिंदू मिळतात, आलेख देखणा येतो, आणि शेवटाकडे पीक रुंदावत जातं त्यावरून स्ट्रॅगलिंगही (प्रत्येक कणाचा ऊर्जाऱ्हास थोडा वेगळा असणं) शिकवता येतं. अडचण गेजची. पिरानी १० मिलिबारच्या वर विश्वासाचा नाही, आणि डायल गेजवर १०० मिलिबारच्या आत काही वाचता येत नाही. मधला पट्टा आंधळा. एक डिजिटल ॲब्सोल्यूट प्रेशर गेज वेगळं घेतलं की प्रश्न मिटतो. हवा सोडायला नीडल व्हॉल्व्ह दिला आहे, तो चांगला आहे. बोटभर फिरवला तरी दाब हवा तेवढाच वाढतो.

सोन्याच्या फॉइलवरचं रदरफोर्ड स्कॅटरिंग प्रसिद्ध असलं तरी इथे संयम लागतो. १० अंशाला सेकंदाला ३ काउंट येत असतील, आणि सुमारे ३०० किलोबेकरेलच्या सोर्सवर तेवढेच येतात, तर साइन-चतुर्थाच्या नियमाने (काउंट अर्ध्या कोनाच्या साइनच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात) ३० अंशाला ते ७८ पटीने कमी, म्हणजे १०० काउंटला पाऊण तास. ६० अंशाला हजार पटीहून कमी, १०० काउंटला दहा तास. प्रात्यक्षिकाचं वेळापत्रक आखताना ३० अंशांपर्यंतच ठेवा; ४५ आणि ६० अंश रात्रभर लावून सकाळच्या बॅचला द्या. रात्रभर लावायचं म्हणजे मघाचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवाच. तबकडीचा शून्य खरा शून्य नसतो. फॉइल काढून दोन्ही बाजूंना ५ अंशांपर्यंत मोजा, आलेखाचा मध्य जिथे येईल तो शून्य. या संचात तो पाऊण अंशाने सरकलेला निघाला. १० अंशाला पाऊण अंशाची चूक म्हणजे काउंटमध्ये तीस टक्के फरक, आणि नियमाची परीक्षा घेण्याऐवजी तबकडीचीच परीक्षा होते.

फॉइल जपा. चेंबरमध्ये हवा धाडकन सोडली की ती फाटते. नवी फॉइल गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून, करून घेऊ असा विचार येऊ शकतो, पण ५.५ एमईव्हीच्या अल्फाचा सोन्यातला पल्ला सुमारे १० मायक्रॉन आहे. सराफाच्या रोलमधून येणारा पत्रा त्याहून कितीतरी जाड. त्यातून एकही कण पलीकडे निघणार नाही. एक-दोन मायक्रॉनची फॉइल चौकटीत बसवलेलीच मागवावी, आणि एक जादा.

आणि आता मॅन्युअलचं शेवटचं प्रकरण, ज्याच्या जोरावर हा संच ‘हलक्या कणांच्या न्यूक्लियर रिॲक्शन’चा म्हणून विकला जातो. त्यात लिहिलं आहे: ॲल्युमिनियमच्या टार्गेटवर अल्फा सोडा, अल्फाच्या पीकच्या वर, ७ एमईव्हीच्या पुढे, प्रोटॉनचं पीक दिसेल. रिॲक्शन खरी आहे. ॲल्युमिनियम-२७ मध्ये अल्फा शिरतो, प्रोटॉन निघतो, सिलिकॉन-३० उरतो. क्यू-व्हॅल्यू (रिॲक्शनमध्ये सुटणारी ऊर्जा) अधिक २.३७ एमईव्ही, सरळ पुढे निघणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा ७.७ एमईव्हीपर्यंत जाते. गणित इथवर बरोबर. यापुढे तीन ठिकाणी ते मोडतं.

पहिलं, डिटेक्टर १०० मायक्रॉनचा. ५.५ एमईव्हीचा अल्फा त्यात २८ मायक्रॉनमध्ये थांबतो, पण ७.७ एमईव्हीच्या प्रोटॉनला सिलिकॉनमध्ये थांबायला सुमारे ४५० मायक्रॉन लागतात. १०० मायक्रॉनमध्ये तो जेमतेम १ एमईव्ही ठेवून आरपार जातो. म्हणजे ज्याला ७ च्या वर शोधायचं सांगितलं आहे तो १ च्या आसपास, नॉइज आणि विखुरलेल्या अल्फांच्या शेपटीत लपलेला असतो. ही छपाईची चूक नव्हे. प्रकरण लिहिणाऱ्याने आपल्याच संचातल्या डिटेक्टरची जाडी पाहिलेली नाही. दुसरं, टार्गेट जाड. त्यात अल्फा हळू होत होत वेगवेगळ्या ऊर्जेला रिॲक्शन करतो, त्यामुळे पीक येत नाही, पसरट पट्टा येतो. तिसरं, संख्या. अल्फा आणि ॲल्युमिनियम यांच्यामधला कूलॉम अडथळा (धन भारांच्या प्रतिकर्षणाचा) सुमारे ७ एमईव्ही, आपला अल्फा त्याच्या खाली. दहा लाख अल्फांत एखाद-दुसरी रिॲक्शन धरा. ३०० किलोबेकरेलच्या सोर्समधले निम्मे टार्गेटवर पडले तर सेकंदाला ०.१५ ते ०.३ प्रोटॉन, सगळ्या दिशांना मिळून. ५ सेंटिमीटरवरचा १०० चौरस मिमीचा डिटेक्टर त्यातला हजारात तीन एवढाच वाटा पाहतो. तासाला दोन ते तीन काउंट, तेही पट्टाभर पसरलेले.

हा दोष सोर्सचा नाही, निसर्गाचाच आहे, आणि विद्यार्थ्यांना तो सांगण्याजोगा आहे. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेटने केंब्रिजला क्लाउड चेंबरमध्ये २३,००० च्या वर छायाचित्रं घेतली, चार लाखांवर अल्फा-मार्ग तपासले आणि १९२५ मध्ये जाहीर केलं की त्यातले आठ नायट्रोजनच्या रूपांतराचे आहेत. त्याचे अल्फा ८.८ एमईव्हीपर्यंतचे होते, म्हणजे आपल्याहून कितीतरी जोरदार, आणि नायट्रोजनचा अडथळाही ॲल्युमिनियमहून बुटका. बेरिलियमला अडथळा आणखी कमी, म्हणून अमेरिशियम-बेरिलियम सोर्समध्ये १६-१७ हजार अल्फांमागे एक न्यूट्रॉन निघतो. तिथे मात्र निघतो तो न्यूट्रॉन, आणि हा डिटेक्टर त्याला पाहत नाही.

तरी हे प्रकरण पूर्ण फेकून द्यावं असं नाही. ऑर्डर देताना १०० ऐवजी ५०० मायक्रॉनचा, ३०० चौरस मिमीचा डिटेक्टर मागा. बायस सप्लाय त्याला लागणारे शंभराच्या वरचे व्होल्ट देतो का ते विचारा. टार्गेट आणि डिटेक्टर यांच्यामध्ये ३० मायक्रॉनची ॲल्युमिनियम फॉइल ठेवा, म्हणजे विखुरलेले अल्फा तिच्यातच थांबतील आणि प्रोटॉन थोडीशी ऊर्जा देऊन पलीकडे जाईल. शुक्रवारी संध्याकाळी लावून सोमवारी सकाळी पाहिलं तर ५ एमईव्हीच्या वर, जिथे दुसरं काही असायला जागा नाही, तिथे मूठभर काउंट दिसतात. नंतर टार्गेट काढून तेवढाच वेळ पार्श्वभूमी मोजणं सक्तीचं, कारण मूठभर काउंटची तुलना मूठभर काउंटशीच करायची आहे. नोंदवहीत आकड्याशेजारी त्याचं वर्गमूळ, म्हणजे अनिश्चितता, लिहायला शिकवण्यासाठी याहून चांगला प्रसंग मिळत नाही.

डेल्टा-ई आणि ई असे दोन डिटेक्टर (पातळ डिटेक्टर थोडी ऊर्जा मोजतो, मागचा उरलेली) एकामागे एक लावून प्रोटॉन, ड्यूटेरॉन, अल्फा वेगळे ओळखायची पद्धत मॅन्युअलमध्ये चित्रापुरती आहे. चेंबरच्या हातावर दुसऱ्या डिटेक्टरला जागा आहे, दुसरा फीडथ्रू (तार निर्वातातून बाहेर काढणारा जोड) मात्र नाही. मुंबईला टीआयएफआरमधल्या पेलेट्रॉनवर किंवा दिल्लीला आययूएसीत, म्हणजे कणत्वरकांवर काम करायला, जे विद्यार्थी पुढे जातील त्यांच्यासाठी ही जोडणी उपयोगी ठरेल, तेव्हा फीडथ्रूचं एक जादा भोक सुरुवातीलाच पाडून, आंधळी फ्लँज लावून घ्या. नंतर लेथवर चेंबर नेणं म्हणजे पुन्हा सगळी साफसफाई आणि गळतीची तपासणी.

सेवेबद्दल थोडक्यात. मांडणीला अभियंता आला, एका दिवसात सगळं जोडून खांद्यासकट पीक दाखवून गेला, शिकवण्यात हात आखडला नाही. फिरत्या दांड्याच्या दुहेरी ओ-रिंगमधून दांडा फिरवताना दाब क्षणभर उसळतो, त्यावर त्याने व्हॅक्यूम ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. जाड थर देऊ नका, ग्रीस आत ओघळते. नंतर फोनवर उत्तरं मिळाली, पण सुटे भाग यायला फार उशीर. ओ-रिंगचे माप विचारलं तर फक्त कंपनीचा पार्ट नंबर सांगतात. रिंग काढून जाडी आणि आतला व्यास कॅलिपरने मोजून ठेवा. व्हायटनच्या त्या मापाच्या रिंगा दुकानात मापानुसार मिळतात.

खरेदीच्या ऑर्डरमध्ये शब्दशः लिहून घ्यायच्या गोष्टी अशा: ५०० मायक्रॉनचा डिटेक्टर आणि त्याचं चाचणीपत्र, ज्यावर लीकेज करंट कोणत्या तापमानाला मोजला ते लिहिलेलं असेल, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, अपारदर्शक झाकण, प्लास्टिकची सेंटरिंग रिंग, दुसरा फीडथ्रू, ॲब्सोल्यूट गेज, जादा सोन्याची फॉइल. डिटेक्टर ज्या डबीत येतो ती टाकू नका. पावसाळ्यात तो चेंबरमधून काढून त्याच डबीत, सिलिका जेलसह डेसिकेटरमध्ये ठेवायचा, आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की १२० अंशाला ओव्हनमध्ये वाळवून परत घालायचं.